डीमधलं तेवढं सांभाळ

शिरोली एमआयडीसीतल्या त्या फौंड्रीत मैथिली गुळवणी कामाला लागली तेव्हा ऑफिसात तीन कॉम्प्युटर होते आणि मागच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे लाकडी नमुने करायच्या खोलीत, एक. ऑफिसातले तिन्ही तिच्या ताब्यात आले. पॅटर्न शॉपमधला मात्र बाळासो चौगुल्यांचा. त्यांना सगळे मामा म्हणायचे. वय त्रेसष्ट, गाव वडणगे, घरी थोडी शेती, दोन म्हशी. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी मालकांनी त्यांना सोडलं नव्हतं आणि त्यांनाही घरी करमत नव्हतं.

लोखंड ओतायचं म्हणजे आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. नमुना वाळूत दाबायचा, त्याचा ठसा उठतो, त्या ठशात पातळ लोखंड ओतायचं. ऐकायला सोपं. पण लोखंड थंड होताना आटतं, आणि सगळीकडं सारखं आटत नाही. कुठं कान आत ओढला जातो, कुठं पाठ वाकते. नमुना करणाऱ्यानं ते आधीच ओळखून इथं दीड मिलिमीटर जादा, तिथं अर्धा कमी असं लाकूड ठेवायचं. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमध्ये यातलं काही नसतं. ते मामांना माहीत होतं, आणि एकोणीस वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी आग्रहानं कॉम्प्युटर शिकवल्यापासून ते सगळं त्यांनी एका बोटानं टाइप करून ठेवलं होतं. दर जॉबची एक फाइल. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर, सोबत नमुन्याचे फोटो. जॉबची नावंही त्यांनीच ठेवलेली, आकारावरून. तांब्या, हत्तीचा कान, वशिंड, उलटी चप्पल. गिऱ्हाइकाचा जॉब नंबर बाकी कुणाला आठवायचा नाही, पण "तांब्या पुन्हा आलाय" म्हटलं की अख्ख्या फौंड्रीला कळायचं.

अकराशेच्या वर फाइली होत्या. सगळ्या डी ड्राइव्हमध्ये.

मैथिली सव्वीस वर्षांची. आई मीनाक्षी महाद्वार रोडजवळच्या एका शाळेत शिक्षिका, वडील नव्हते. बी.कॉम. झाल्यावर तिनं हार्डवेअरचा सहा महिन्यांचा क्लास केला होता, आणि फौंड्रीतल्या पुरुषांच्या घोळक्यात ही एक गोष्ट आपल्याला येते याचा तिला मनातून अभिमान होता. प्रिंटर अडला की मैथिली. नेट गेलं की मैथिली. मामा तर तिला रोज दुपारी पॅटर्न शॉपमध्ये बोलवायचे, भुईमुगाच्या शेंगांची पुडी पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "पोरी, ह्ये अक्षर बारीक झालंया, जरा मोठं कर की."

त्या साली एका मोठ्या गिऱ्हाइकानं ड्रॉइंग नव्या सॉफ्टवेअरमध्ये पाठवायला सुरुवात केली. पॅटर्न शॉपचा कॉम्प्युटर जुन्या विंडोज सेव्हनवर होता, त्याच्यावर ती उघडेनात. मालक उदयसिंह म्हणाले, "सम्राटला बोलव. नवीन विंडोज टाकून घे."

सम्राट म्हणजे राजारामपुरीत छोटं दुकान असलेला हार्डवेअरवाला. शिरोलीतल्या पाच-सहा कारखान्यांचे कॉम्प्युटर तोच बघायचा. मैथिलीनं फोन केला तेव्हा तो आजऱ्याला होता, काजूच्या एका कारखान्यात नेटवर्क ओढत.

"बुधवारी येतो की ताई," तो म्हणाला. "तवर त्या मशीनला हात लावू नका. जुनं हाय, बघून करायला पायजे."

तिनं तसं उदयसिंहांना सांगितलं. ते हातातल्या कागदावरून मान वर न करता म्हणाले, "बुधवार म्हणजे लांबलं गं. तुला नाही का येत?"

"येतं की, साहेब," मैथिली म्हणाली.

आणि येत होतंच. घरचा लॅपटॉप तिनंच अपग्रेड केला होता. गेल्या वर्षी सम्राटनं ऑफिसातली मशीन केली तेव्हा नव्या विंडोजचा पेनड्राइव्ह करून तिच्याच खणात ठेवलेला होता.

रविवारी दुपारी, सोमवारच्या आठवडी सुट्टीच्या आदल्या दिवशी, ती पॅटर्न शॉपमध्ये जाऊन बसली. मामा पुतणीच्या साखरपुड्याला निघाले होते. डोक्याला टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट. दारातून परत फिरून ते तिच्या खुर्चीमागं आले.

"डीमधलं तेवढं सांभाळ हं पोरी. माझं समदं त्यात हाय."

"हो मामा. डीला धक्कासुद्धा लागत नाही. तुम्ही निवांत जा."

डेस्कटॉपवरचं आणि डॉक्युमेंट्समधलं सगळं तिनं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. डीसुद्धा उतरवावी म्हणून तिनं कॉपी लावून पाहिली. फोटोंमुळं ते इतकं जड होतं की पेनड्राइव्हवर मावेना. ऑफिसात मोठी डिस्क होती, पण ती उदयसिंहांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडं. फोन करायला हवा होता. डी तर वेगळीच डिस्क असते, विंडोज टाकताना तिचा काय संबंध, असं म्हणून तिनं कॉपी रद्द केली. तिच्या क्लासमधल्या मशीनांवर डी वेगळी डिस्क होती, हे खरं. या मशीनवर तसंच आहे का, हे तिनं पाहिलं नाही.

पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं. दोन पर्याय समोर आले. पहिला अपग्रेड, म्हणजे फाइली, सेटिंग, सगळं जागच्या जागी ठेवून वर नवीन विंडोज. दुसरा कस्टम, म्हणजे फक्त नवीन विंडोज, जुनं काही नाही. तिनं अर्थातच पहिला निवडला. मशीननं नकार दिला. पेनड्राइव्हवरून सुरू केलंत तर अपग्रेड होत नाही, कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू करा आणि मग आतून सेटअप चालवा, असं पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ती परत फिरली, मशीन नेहमीसारखं चालू केलं. ते जुनं धूड सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं लागली, आणि सेटअप निम्म्यावर जाऊन अडकला. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. एव्हाना साडेचार वाजून गेले होते. उद्या सुट्टी. मंगळवारी सकाळी साहेब विचारणार, झालं का? आणि झालं नाही म्हटलं की ते म्हणणार, मग सम्राटलाच बोलवायचं होतंस.

तिनं पुन्हा पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि कस्टम निवडलं.

पुढं डिस्कचे भाग दिसले. एक, दोन, तीन. सी किंवा डी असं कुठंच लिहिलेलं नव्हतं, नुसते आकडे. पहिल्यावर टाकायला गेली तर या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही म्हणून अडवलं. क्लासात यावर एक उपाय शिकवला होता, भाग काढून टाकायचे आणि मोकळ्या जागेवर टाकायचं. तिनं पहिला काढला. दुसरा काढला. तरी अडतच होतं. तिसऱ्यावर माउस नेला तेव्हा सूचना आली, या भागात तुमच्या महत्त्वाच्या फाइली असू शकतात, काढलात तर त्या जातील.

इथं तिचं बोट थांबलं. नंतरच्या दिवसांत तिनं हा क्षण इतक्या वेळा आठवला की तो खरा किती आणि आपण वाढवलेला किती हे तिलाच कळेनासं झालं. पण एवढं नक्की होतं की बोट थांबलं होतं. तिसरा भाग बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठा होता. हे डी तर नसेल, असं मनात येऊन गेलं होतं. आणि तरीही ही सूचना सगळ्यांनाच येते, असं म्हणून तिनं ओके दाबलं.

नवीन विंडोज झोकात आलं. तिनं सगळ्यात आधी ड्राइव्ह उघडून पाहिले. एकच होता. सी.

बाहेर वाळूचे साचे करणारे मोल्डिंगवाले हातपाय धुऊन घरी निघाले होते, त्यांच्या हसण्याचे आवाज येत होते. त्याच वेळी तिनं सम्राटला फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. त्याचं नाव समोर आलं. तो म्हणणार, हात लावू नका म्हणून सांगितलं होतं की ताई. तिनं फोन ठेवून दिला. मग तिनं जे केलं ते चुकून केलेलं नव्हतं. सीमधली निम्मी जागा कापून तिनं नवा भाग बनवला, त्याला डी हे नाव दिलं, आणि गिऱ्हाइकाची नवीन ड्रॉइंगं त्यात भरून ठेवली. बघणाऱ्याला सगळं पहिल्यासारखं दिसावं म्हणून. शेवटी तिनं सम्राटला मेसेज पाठवला, काम झालं, बुधवारी यायची गरज नाही.

मंगळवारी सकाळी मामांनी तिला हाक मारली. आवाजात काळजी नव्हती, नुसता गोंधळ होता.

"पोरी, माझं कुठं ठेवलंयस?"

ती मागं जाऊन उभी राहिली. मामा डीमधली ती चार-पाच नवीन ड्रॉइंगं उघडून मिटत होते, जणू त्यांच्याखाली काही दडलं असावं.

"उघडत नाहीये मामा," ती म्हणाली. "जुनं सगळं... डिस्क जुनी झाली होती ना. टाकताना गेलं बहुतेक."

"गेलं म्हंजे?"

चष्मा काढून मामांनी शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावून पडद्याकडं बघत बसले.

उदयसिंह आले. त्यांना कळल्यावर त्यांचा पारा चढला, पण रोख मैथिलीकडं नव्हता. "डिस्क अशी एकाएकी कशी जाते? मागच्या महिन्यात सम्राटनं हा उघडलेला ना?"

"हो साहेब," मैथिली म्हणाली. "साफ करायला उघडला होता."

"तवाच कायतरी करून ठेवलं असणार."

यावर नाही म्हणायचं होतं. एक शब्द. तो तोंडातून निघाला नाही. ती जे बोलली होती त्यात खोटं काहीच नव्हतं. सम्राटनं मशीन उघडलं होतं, धूळ काढली होती, परत बंद केलं होतं. त्या खऱ्या वाक्याच्या आडोशाला ती उभी राहिली, आणि उदयसिंहांनी तिच्यासमोरच फोन लावला. पलीकडचं सगळं तिला ऐकू येत होतं.

"साहेब, मी निस्ती धूळ काढल्ती," सम्राट म्हणत होता. "मला एकदा बघू तरी द्या. काय निघतंय का बघतो."

"आता काय बघायचं राहिलंय? इथनं पुढं येऊ नकोस."

त्या संध्याकाळी सम्राटचा मेसेज आला, ताई, अपग्रेड कुणी केलं? तिनं तो वाचला. वाचल्याचं त्याला तिकडं दिसलं असणार. उत्तर दिलं नाही. आठवड्याभरात शेजारच्या दोन कारखान्यांनीही सम्राटला बंद केलं. उदयसिंहांनी चहाच्या वेळी सहज विषय काढला होता, तेवढं पुरलं.

मैथिलीचं जेवण तुटलं. तावडे हॉटेलच्या चौकातून रोज गाडी शिरोलीकडं वळवताना तिचा वेग आपोआप कमी व्हायचा. मामा आता कॉम्प्युटरला हात लावत नव्हते; गिऱ्हाइकाची नवीन ड्रॉइंगं मात्र त्याच्यावर रोज येऊन पडत होती. मांडणीवरचे जुने नमुने एकेक खाली काढायचे, कॅलिपरनं मोजायचे आणि शाळेच्या वहीत पेन्सिलीनं लिहायचे. दुपारी शेंगांची पुडी मात्र अजून यायची. तिला त्या शेंगा गिळवत नव्हत्या. एकदा तिनं काम आहे म्हणून सांगितलं, तर मामा पुडी घेऊन ऑफिसात आले आणि टेबलावर ठेवून गेले.

आईला वाटलं पोरीला कुणाची दृष्ट लागली. पौर्णिमेला ती तिला नृसिंहवाडीला घेऊन गेली. मैथिली रांगेत उभी राहिली, पादुकांवर डोकं टेकलं, आणि मनात म्हणाली, माझी चूक पदरात घे. परत येताना एसटीत तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्यांचं गेलं ते वडणग्यात राहतात, रोज सकाळी साडेआठला आपल्या समोर येतात, आणि आपण माफी मागायला इतक्या लांब वाडीला.

"काय झालंय ते सांगशील का?" आईनं विचारलं.

तिनं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. मीनाक्षीबाई खिडकीबाहेरची उसाची शेतं बघत म्हणाल्या, "शाळेत मुलं खोटं बोलतात तेव्हा मला राग येत नाही. त्यांच्याऐवजी दुसरं पोर छडी खातं आणि ती बघत बसतात, तेव्हा येतो." मैथिलीला त्यापुढं काही ऐकायचं नव्हतं.

तरी तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. रोज सकाळी ठरायचं, आणि साहेब कुणाशी तरी बोलत असायचे, किंवा मामांच्या भोवती माणसं असायची, किंवा तिला तसं वाटायचं.

मग तांब्या परत आला.

पंपाचं घर, म्हणजे पंपाचं बाहेरचं लोखंडी कवच, होतं ते. चार वर्षांनी निपाणीकडच्या गिऱ्हाइकानं पुन्हा मागवलं. जुना नमुना वाळवीनं पोखरलेला, त्यामुळं नवा करणं भाग होतं. मामांनी आठवून आठवून केला. सहा दिवस घेतले. पहिल्या खेपेला वीस नग ओतले, त्यातले चौदा गळ्यापाशी वाकले आणि तपासणीत बाद झाले.

उदयसिंह मोल्डिंग शॉपमध्येच होते. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "मामा, तांब्या तुम्ही डोळं झाकून करायचा की हो. आता डोळं एकदा दावून घ्या." त्यात टोचायचा हेतू नव्हता. त्या दिवशी ते वैतागले होते, इतकंच. पण दोन पोरं हसली. मामांनीही हसल्यासारखं केलं आणि वाकडं झालेलं एक घर उचलून घेऊन पॅटर्न शॉपमध्ये गेले.

थोड्या वेळानं ते ऑफिसात आले. मैथिली एकटीच होती. ते बसले नाहीत, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"पोरी, एक इचारू का? खरं सांग, माझ्या मनाला लागंल म्हणून लपवू नगंस."

"काय मामा?"

"त्या आदल्या दिवशी, शनवारी, मशीन बंद करताना कायतरी लिवून आलंतं. इंग्रजीत. मी न वाचताच बटन दाबलं. त्यातनंच गेलं असंल का गं समदं?" त्यांनी आवाज खाली केला. "त्या सम्राटवर आळ आला. गरीब पोरगं हाय त्ये. मला झोप लागत न्हाय. साहेबांस्नी जाऊन सांगतो म्हणतोय, माझ्याच हातनं झालंया."

मैथिली उठून उभी राहिली. काय बोलायचं याची तिनं तीन आठवडे जुळवाजुळव केली होती, त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"तुमच्या हातून नाही झालं. मी केलं, मामा. मी पुसलं."

"तू कशाला पुसशील?"

"अपग्रेड होत नव्हतं, म्हणून दुसरं निवडलं. त्यात डिस्कचे भाग काढून टाकले. सूचना आली होती, यात महत्त्वाच्या फाइली असतील म्हणून. मला शंका आली होती. तरी दाबलं. आणि मग रिकामी डी करून ठेवली, तुम्हाला कळू नये म्हणून."

मामा तिच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त एखादं माप पुन्हा पुन्हा घेतल्यासारखे बघत होते.

"रिकामी डी," ते म्हणाले. "मी त्यात दोन तास हुडकत बसल्तो, पोरी."

एवढंच. आणि ते वळून मागं निघून गेले.

ती तशीच उदयसिंहांच्या केबिनमध्ये गेली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, सम्राटबद्दल गप्प राहिल्याचंही. उदयसिंहांनी पेन टेबलावर ठेवला. ते ओरडणारा माणूस, पण ओरडले नाहीत. "म्हणजे मी त्या पोराचं चार ठिकाणी नाव घालवून बसलो, आणि तू हितं बसून ऐकत होतीस." ती मान खाली घालून उभी होती. "फोन लाव त्याला. तूच लाव. आणि तूच सांग."

सम्राटनं पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी एकच वाक्य म्हणाला, आणि ते रागाचं नव्हतं, घाईचं होतं. "ताई, ते मशीन आत्ता चालू हाय काय? आधी वायर काढा त्याची."

अर्ध्या तासात तो आला. मैथिलीकडं न बघता डिस्क काढून घेतली आणि दुकानात घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा पॅटर्न शॉपमध्ये उदयसिंह, मामा आणि ती, तिघंही होते.

"दोनशे बारा निघाल्या," तो म्हणाला. "फोटो बरेच निम्मे-अर्धे हायत. नावं गेलीत सगळी, नुसतं नंबर हायत. बाकीच्या जाग्यावर नवीन लिहिलं गेलंय." मग पहिल्यांदा तो मैथिलीकडं वळला. "पुसलं म्हणून जात न्हाय हो ताई लगेच. जागा मोकळी म्हणून नोंद होते निस्ती, आतलं तसंच असतंय. वर दुसरं लिहीपर्यंत. त्या रविवारी फोन केला असता तर मी आजऱ्यासनं रातोरात आलो असतो. बहुतेक सगळं निघालं असतं."

त्या रविवारी फोन तिच्या हातात होता, नाव समोर होतं. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

उदयसिंहांनी सम्राटची माफी मागितली, पुन्हा काम बघ म्हणाले. तो म्हणाला, "बघतो साहेब," आणि ते बघतो म्हणजे नाही हे सगळ्यांना कळलं. शेजारच्या दोनपैकी एका कारखान्यात उदयसिंह स्वतः जाऊन सांगून आले, तिथं त्याला परत घेतलं. दुसऱ्यांनी तोवर दुसरा माणूस धरला होता. मैथिली राजारामपुरीत त्याच्या दुकानात गेली, तेव्हा तो कुणाचा तरी प्रिंटर खोलून बसला होता. तिनं माफी मागितली. "हं," तो म्हणाला. "असू दे." आणि स्क्रू ड्रायव्हरनं पुढचा स्क्रू काढायला लागला.

नोकरीचं काय करायचं हा प्रश्न होताच. तिनं राजीनामा लिहून आणला होता. उदयसिंहांनी तो वाचला आणि मामांना बोलावलं. "तुमचं नुकसान झालंय. तुम्हीच सांगा."

मामांनी कागद हातात घेतला नाही. "राजीनामा दिऊन माझ्या फायली येणार हाईत व्हय?" ते म्हणाले. "मला टायपाय येळ लागतोय, आन् आता डोळंबी म्हणावं तसं न्हाईत. रोज दुपारी दोन तास हिला माझ्याकडं धाडा. मी सांगतो, ही लिवंल."

तेव्हापासून मैथिली रोज तीन वाजता पॅटर्न शॉपमध्ये जाते. सम्राटनं काढलेल्या दोनशे बारा फाइलींना आधी त्यांनी नावं शोधली. फोटोचा वरचा अर्धा भाग दिसतो, खालचा करडा. मामा डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "वशिंड." मग मांडणीवरच्या नमुन्यांची पाळी. नमुना मांडीवर घ्यायचा, अंगठा त्याच्या कडांवरून फिरवायचा, आणि अंगठा कुठंतरी थांबला की बोलायला सुरुवात. "हितं पाऊण जादा. थंडीच्या दिसात ओतलं तर एक. लिव." ती लिहिते. रोज संध्याकाळी दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवते, एक उदयसिंहांच्या कपाटात, एक मामांच्या पिशवीतून वडणग्याला जाते. हे कुणी तिला सांगितलेलं नाही.

मामा कामापुरतं बोलतात. माप, लाकूड, लोखंड. पोरी म्हणत नाहीत. लिव, थांब, परत वाच, एवढंच. शेंगांची पुडी पहिल्या महिन्यात आली नाही. पुढं कधीतरी एकदा आली, तीही टेबलाच्या मधोमध ठेवलेली, कुणी घ्यावी कुणी घेऊ नये अशी. तिनं दोन घेतल्या. त्यांनी ते पाहिलं की नाही तिला कळलं नाही.

तांब्या तिसऱ्या खेपेला नीट उतरला. विसातले एकोणीस. उदयसिंहांनी मामांच्या पाठीवर थाप मारली, आणि मामा म्हणाले, "दोन येळा चुकल्यावर कुणालाबी जमतंय."

परवा त्यांनी एक जुना नमुना खाली काढला. लांबट, दोन्ही बाजूंना पंख असल्यासारखा, रंग उडालेला. मामांनी तो बराच वेळ मांडीवर फिरवला. अंगठा एका पंखावरून गेला, दुसऱ्यावरून गेला, परत पहिल्यावर आला. कुठंच थांबेना.

"ह्येच्यात कायतरी हुतं," ते म्हणाले. "बीड लोखंडाला येगळं आन् दुसऱ्याला येगळं. लई दिस घातलं हुतं मी ह्येच्यापायी." पुन्हा एकदा फिरवला. मग मान हलवली. "न्हाय आठवत."

मैथिलीनं नाव लिहून खालची जागा मोकळी ठेवली आणि पुढच्या ओळीवर गेली. अशा मोकळ्या जागा आधीही पडल्या होत्या. ती त्या मोजत नव्हती असं नाही. याआधीच्या एक्केचाळीस झाल्या होत्या.

मामा तिच्या खांद्यावरून पडद्याकडं वाकून बघत होते. "काय लिवलंस?"

"काही नाही. रिकामं ठेवलं."

"रिकामं नगो ठेवू," ते म्हणाले. "उद्या कोण उघडंल त्येला वाटंल, हितं काय नव्हतंच. आठवत न्हाय म्हणून लिव. म्हंजे हुतं, एवढं तरी कळंल."

तिनं लिहिलं. मग मागं जाऊन आधीच्या एक्केचाळीस जागा एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीत तेच लिहिलं. तिचं झाल्यावर मामा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि मांडणीवरचा पुढचा नमुना काढायला लागले. तो उंचावर होता. मैथिलीनं स्टूल धरलं.